मराठी स्त्री-आत्मकथनांतील देहभान

१

मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी एक मत बरेच दिवस रूढ आहे. जुन्या पिढीतील लेखिकांनी संसाराविषयी, पतीच्या कार्याविषयी आणि सुधारणेच्या चळवळींविषयी विपुल लिहिले; स्वतःच्या देहाविषयी मात्र त्यांनी मौन पाळले, असे ते मत होय. हे मौन संकोचातून उद्भवले, तो संकोच त्या काळास धरून होता आणि स्त्रीशिक्षणाचा प्रसार होताच तो क्रमाक्रमाने गळून पडला, अशी या मताची पुढची पायरी असते. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहापाशी मौनाचा भंग झाला आणि १९८० नंतरच्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी ते कार्य पूर्ण केले, असा एक सरळ चढता क्रम त्यातून सिद्ध होतो.

हा क्रम सोयीचा आहे. परंतु मूळ ग्रंथ हाती घेतले असता तो टिकत नाही. जुन्या आत्मकथनांत देह नाही असे म्हणावे, तर त्यांची पानेच्या पाने सोवळ्याओवळ्याने, स्नानाने, केसांनी, लुगड्याच्या नेसण्याने, उपासतापासाने आणि कष्टाने भरलेली आहेत. या सर्व गोष्टी देहावरच घडतात. समीक्षकांना तेथे देह दिसला नाही, याचे कारण त्यांनी ‘देह’ या शब्दाचा अर्थ सौंदर्य आणि शृंगार एवढ्यापुरताच मर्यादित धरला, हे होय. ज्या समाजात स्त्रीचा देह प्रथम शुद्धाशुद्धतेचे, घराण्याच्या प्रतिष्ठेचे आणि जातीच्या दर्जाचे स्थान मानला गेला, त्या समाजातील स्त्री आपल्या देहाविषयी बोलू लागली म्हणजे ती याच भाषेत बोलणार, हे उघड आहे.

यास्तव ‘लेखिकेने देहाविषयी लिहिले की नाही’ हा प्रश्न बाजूस ठेवून, तो देह कोणाच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे कोण पाहते आणि लेखिकेस त्याची जाणीव कोणत्या प्रसंगी होते, हे प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. काही प्रमुख आत्मकथनांच्या आधारे त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात चित्रित झालेले घर एकच असले, तरी त्यात दोन वातावरणे नांदत आहेत. एक पतीच्या खोलीतील. तेथे वाचन, लेखन, इंग्रजीचा अभ्यास आणि सभेतील भाषणाची तयारी चालते. दुसरे घरातील वडीलधाऱ्या बायकांचे; तेथे सोवळे, स्वयंपाक, व्रतवैकल्ये आणि टोमणे यांचे राज्य आहे. दिवसातून अनेक वेळा रमाबाईंना एका वातावरणातून दुसऱ्यात जावे लागते आणि प्रत्येक वेळी वागण्याची, बोलण्याची, किंबहुना उभे राहण्याची रीतही बदलावी लागते. शिकलेल्या सुनेच्या हातून कामात यत्किंचितही कसूर झाली, तर तिचा दोष शिक्षणाकडे जाई. म्हणून घरकामात त्यांना इतरांपेक्षा अधिक तत्पर राहावे लागले. शिक्षणाची किंमत त्यांनी शरीरकष्टाच्या रूपाने चुकविली आणि त्याविषयी पतीकडे तक्रार केली नाही.

या पुस्तकाची आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. स्वतःच्या शरीराविषयी ज्या लेखिकेच्या लेखणीतून फारच थोडे तपशील उतरतात, तीच लेखिका न्यायमूर्तींच्या अखेरच्या आजाराचे वर्णन मात्र अत्यंत बारकाईने करते. शरीराच्या वेदना शब्दांत मांडण्याचे सामर्थ्य रमाबाईंपाशी पूर्णपणे होते, हे त्यावरून सिद्ध होते. त्या सामर्थ्याचा विनियोग कोणाच्या देहासाठी करावयाचा, याचा निर्णय मात्र त्यांच्या वातावरणाने आधीच करून ठेवला होता. पतीच्या देहाची शुश्रूषा हा पत्नीच्या धर्माचा भाग असल्यामुळे त्याविषयी लिहिणे शोभून दिसे. स्वतःच्या दुखण्याविषयी लिहिण्यास तसा आधार नव्हता. पुस्तकाच्या नावातील ‘आमच्या’ या शब्दाचा अर्थही येथेच उलगडतो.

घराच्या उंबऱ्याबाहेर हीच गोष्ट उघड रूप धारण करते. आनंदीबाई जोशी मुंबईत मिशनच्या शाळेत जात असता, पायात बूट-मोजे घालून पुस्तके घेऊन रस्त्याने चालणारी ब्राह्मण स्त्री पाहून लोक त्यांची टवाळी करीत. ज्या चरित्रामुळे त्यांचे आयुष्य मराठी वाचकांसमोर प्रथम साकल्याने आले, ते काशीबाई कानिटकर यांनी लिहून १८८९ साली प्रसिद्ध केले. एका विदुषीने दुसऱ्या विदुषीचे लिहिलेले ते चरित्र असल्यामुळे या प्रश्नाच्या दृष्टीने त्यास विशेष महत्त्व आहे. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.डी. ही पदवी मिळविली. तेथील कडाक्याच्या थंडीत नऊवारी नेसण्याने पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने लुगडे नेसण्यास आरंभ केला आणि त्याविषयी पतीला पत्रांतून लिहिले. वरवर पाहता हा किरकोळ व्यवहार दिसतो. परंतु मुंबईच्या रस्त्यावर ज्या पावलांकडे लोक बोट दाखवीत होते, त्याच पावलांना थंडी वाजते आणि त्यासाठी आपल्या बुद्धीने उपाय योजावयाचा असतो, ही जाणीव या पत्रव्यवहारात आहे. देहाच्या सुखदुःखाचा निर्णय स्वतः घेण्याचा हा एक लहानसा परंतु निश्चित प्रसंग होय.

३

वातावरण आणि देह यांच्या संबंधाचे सर्वांत सूक्ष्म चित्रण लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आढळते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा गौरव त्यातील निरागस विनोदासाठी पुष्कळ झाला आहे आणि तो यथार्थ आहे. तथापि त्या विनोदाच्या आड जे आहे, त्याकडे दुर्लक्ष झाले. ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन येते. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर कोसळलेल्या आपत्तीचा धक्का बसून त्यांच्या मनात विटाळाची अशी काही धास्ती बसली की, जलालपूरच्या त्या घरात धुण्याला आणि न्हाण्याला अंतच उरला नाही. भय एका पुरुषाच्या मनातले. परंतु त्याची फेड करावयाची ती घरातील बायकामुलांनी, आपल्या ओल्या लुगड्यांनी आणि गारठलेल्या अंगांनी. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत सांगितले आहे. त्यामुळे वाचकही हसतो आणि त्या अंगांचा गारठा विसरून जातो.

पुढे १८९५ साली नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या, तरी काही काळ त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे राखले. या अवधीत त्यांच्या मनाची जी उलघाल झाली, तिचे वर्णन या ग्रंथाचा गाभा आहे. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांच्या बुद्धीस स्वतंत्र विचाराने पटले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, तो त्यानंतर. परंतु बुद्धीला पटलेले हाताला आणि जिभेला तत्काळ पटत नाही. लहानपणापासून अंगी भिनलेली शिवाशिव, परक्याच्या हातचे पाणी घेताना येणारा काटा, या गोष्टी मतांतराबरोबर नाहीशा होत नाहीत. ज्या बालिकेने वडिलांच्या सोवळ्याचा जाच सोसला, तीच प्रौढपणी ते सोवळे आपल्या देहात बाळगून असल्याचे तिला आढळून येते.

येथे एका महत्त्वाच्या तत्त्वाचा उलगडा होतो. सामाजिक वातावरण केवळ बाहेरून दडपण आणणारी शक्ती असते, तर वातावरण बदलताच देह मोकळा झाला असता. प्रत्यक्षात ते किळस, लाज, भीती आणि सवय यांच्या रूपाने शरीरात मुरलेले असते. म्हणूनच एका वातावरणातून दुसऱ्यात जातानाच्या संधिकाळात स्त्रीला आपल्या देहाची सर्वांत तीव्र जाणीव होते. स्थिर वातावरणात देह दिसत नाही. उंबरा ओलांडताना तो अडखळतो आणि मग दिसतो.

याच तत्त्वाचा दुसरा आणि अधिक वेदनामय आविष्कार केशवपनाच्या संदर्भात पाहावयास मिळतो. विधवेने वेणी घातली तर मृत पती परलोकी बद्ध होतो, असे सांगणारे वचन प्रमाण मानले जात होते. म्हणजे पतीच्या मृत्यूनंतरही पत्नीच्या केसांवरील त्याची सत्ता संपत नव्हती. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. रूढी ही निराकार असते असे मानले, तरी ती अमलात आणावयास कोणाचे तरी हात लागतात. त्या हातांनी नकार दिला की रूढीचे बळ कमी होते.

पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मवृत्तात या रूढीचा अनुभव आतून सांगितला आहे. तरुणपणी वैधव्य, पदरी मूल, केशवपन आणि नंतर महर्षी कर्वे यांच्या हिंगणे येथील आश्रमात शिक्षण व वर्गणी गोळा करण्याचे कार्य, असा त्यांचा जीवनक्रम आहे. केशवपन सोडण्याचा निर्णय त्यांनी पुष्कळ वर्षांच्या विचाराअंती स्वतः घेतला. आश्रमाची मदार ज्या लोकांच्या वर्गणीवर होती, त्यांत जुन्या मताचे लोक पुष्कळ होते. त्यामुळे सुधारणेच्या या संस्थेसही बाह्याचारात सावधपणे पावले टाकावी लागत. अर्थात सुधारक वातावरणातही विधवेचा देह सर्वस्वी तिचा झाला नव्हता. तो आता संस्थेच्या लौकिकाशी बांधला गेला होता. पुढे १९१८ साली पार्वतीबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी निर्वाह केला. ज्या हातांना पूर्वी विधवेचे म्हणून मंगलकार्यापासून दूर ठेवले होते, त्या हातांच्या श्रमाला तेथे मोल मिळाले. त्यांच्या कथनातील आत्मविश्वासाचे एक मूळ या अनुभवात आहे.

४

आतापर्यंत विचारात घेतलेली सर्व आत्मकथने एका विशिष्ट जातिवर्गातील आहेत. त्यांच्या आधारे मराठी स्त्रीच्या देहभानाविषयी सर्वसामान्य सिद्धान्त मांडणे कसे धोक्याचे आहे, हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) या ग्रंथावरून स्पष्ट होते. या ग्रंथातील देह सोवळ्याने गारठलेला नाही. तो भुकेने आणि कष्टाने खंगलेला आहे. बाळंतिणीला घास मिळत नाही, म्हणून तिचे पोट चिंध्यांनी आवळून बांधावे लागते. सासुरवासाला कंटाळून पळून जाणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकविला जातो. हे चित्रण करताना लेखिका दोन वातावरणांचा दाब एकाच वेळी दाखविते. एक गावाचा, दुसरा वस्तीतील घराचा. गावाने ज्या पुरुषाला माणूस मानले नाही, त्या पुरुषाला आपली सत्ता गाजविण्यास स्त्रीचा देह तेवढा उरतो, ही मीमांसा तिने कोणत्याही परिभाषेवाचून केली आहे. आषाढातील ‘अंगात येण्या’ची वर्णनेही या संदर्भात वाचावयास हवीत. एरवी जिच्या शब्दास किंमत नाही, तिच्या अंगात देवी आली की सारी वस्ती तिच्यापुढे हात जोडते. स्त्रीच्या देहाला बोलण्याची मुभा मिळते, ती तो देह तिचा नसल्याचे मान्य झाल्यावर.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तपशील लुगड्याविषयीचा आहे. महार स्त्रीने लुगडे नेसताना त्याचे काठ निऱ्यांखाली झाकले जातील अशी काळजी घ्यावी, असा गावाचा दंडक होता, असे बेबी कांबळे नोंदवितात. काठ दिसणे हा वरच्या जातीच्या स्त्रियांचा मान. तो खालच्या जातीच्या स्त्रीने घेतल्यास ती मर्यादा सोडल्याची खूण. एका बोटभर काठावर जातीची सारी उतरंड येथे उभी आहे.

या तपशिलाचा प्रकाश डिसेंबर १९२७ मधील महाड येथील घटनेवर टाकून पाहावा. सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात, वरच्या वर्गातील स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसावे आणि अंगावरील जातिदर्शक जड दागिने टाकून द्यावेत, असा उपदेश केला. स्त्रियांनी तो तेथेच अमलात आणण्यास आरंभ केला आणि नेसण्याची रीत बदलली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या ज्या आठवणी संकलित केल्या आहेत, त्यांवरून असा बदल त्या पिढीला किती मोलाचा वाटला, याची कल्पना येते.

येथे रूढ समीक्षेपुढे एक गंभीर अडचण उभी राहते. पांढरपेशा स्त्रीच्या बाबतीत पदर, सोवळे आणि मर्यादा ही बंधने होती. त्यांतून सुटणे म्हणजे मुक्ती. महाडच्या परिषदेतील स्त्रीच्या बाबतीत मात्र तोच पदर आणि तेच घोळदार नेसणे नाकारण्यात आले होते. ते मिळविणे म्हणजे मुक्ती. एकीला लज्जेचे ओझे झाले होते, तर दुसरीला लज्जा बाळगण्याचा अधिकारच नव्हता. एकाच वस्त्राचे हे दोन परस्परविरुद्ध अर्थ लक्षात घेतले, म्हणजे संकोचाकडून मोकळेपणाकडे जाणारा एकच सरळ रस्ता सर्व स्त्रियांसाठी कल्पिणे किती अशास्त्रीय आहे, ते कळून येते. लज्जा ही स्त्रीस्वभावाची उपजत देणगी नसून समाजाने विषम प्रमाणात वाटलेली वस्तू आहे. समाजाने ती कोणावर लादली आणि कोणापासून हिरावून घेतली, याचा हिशेब मांडल्यावाचून आत्मकथनातील मोकळेपणाचे मूल्यमापन करता येत नाही.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. देहभान सर्वस्वी वातावरणाने घडते असे मानले, तर लेखिकेच्या व्यक्तित्वाला स्थान उरत नाही. प्रत्येक आत्मकथन हा मग समाजस्थितीचा केवळ दस्तऐवज ठरेल. आक्षेप योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर ग्रंथांतच सापडते. लक्ष्मीबाईंच्या परिस्थितीत सापडलेल्या इतर स्त्रियाही असतील. तिच्यातून ‘स्मृतिचित्रे’ एकीनेच घडविली. वातावरण देहाला वळण देते, परंतु ते वळण ओळखून त्यास नाव देणे हे लेखनाचे कार्य आहे, आणि तेथेच व्यक्तित्व प्रकट होते. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) लिहिली, तिला निमित्त झाले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्याचे. सारा समाज त्या विधवेच्या देहाकडे गुन्ह्याचे स्थान म्हणून पाहत असता, तिच्याकडे पाहणाऱ्या पुरुषांकडे दृष्टी वळविण्याचे धाडस ताराबाईंनी केले. दृष्टीचा हा पालट वातावरणाने दिलेला नाही. तो लेखिकेचा आहे.

‘कळ्यांचे निःश्वास’चे महत्त्वही या दृष्टीने पुन्हा तपासावयास हवे. सुशिक्षित, मिळवत्या आणि अविवाहित तरुणींच्या मनातील स्वाभाविक इच्छांना तेथे शब्द मिळाले, हे खरे. परंतु त्या शब्दांसाठी आधी एक नवे वातावरण निर्माण व्हावे लागले होते. मुलींचे वसतिगृह, शिक्षिकेची नोकरी, लांबलेले लग्न आणि स्वतःचा पगार यांच्यावाचून त्या नायिकाच संभवत नाहीत. ज्या काळात र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर (१९२७–१९५३) अश्लीलतेचे खटले होत होते, त्याच काळात हा संग्रह निघाला आणि लेखिकेला टोपणनावाचा आश्रय घ्यावा लागला, हेही विसरता येत नाही. नव्या वातावरणाने इच्छेला वाचा दिली. नाव मात्र दिले नाही.

मोकळेपणाच्या सीमारेषा पुढील काळातही पुसल्या गेल्या नाहीत. बेबी कांबळे यांनी आपले लेखन वर्षानुवर्षे पतीपासून लपवून ठेवले होते आणि समाजातील स्त्रियांच्या यातना निर्भयपणे मांडणाऱ्या या लेखिकेने स्वतःच्या वैवाहिक दुःखास ग्रंथात जवळजवळ स्थान दिले नाही. ‘जिणं आमचं’ या नावातील ‘आमचं’ समाजाचे आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या’मध्ये पती होता. दोन्ही लेखिकांमध्ये जात, वर्ग आणि पाऊणशे वर्षे यांचे अंतर असूनही एकवचनी देहापाशी येताच दोघीही अनेकवचनाचा आधार घेतात. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हे एकवचन बरेच पुढे आले आहे. कोकणातील आयदाने विणणाऱ्या आईचे राबणारे हात आणि स्वतःचा वैवाहिक अनुभव या दोहोंविषयी त्या सारख्याच मोकळेपणाने लिहितात. परंतु या मोकळेपणामागेही गाव, शाळा, मुंबईतील नोकरी आणि स्त्रियांच्या संघटना अशा अनेक उंबऱ्यांचा प्रवास आहे, याची जाणीव त्यांनी ठेविली आहे.

तात्पर्य, स्त्री-आत्मकथनांचा अभ्यास करताना कबुलीजबाबाची उत्सुकता बाळगून ग्रंथ चाळणे सोडून द्यावयास हवे. न्हाणीघर, माजघर, विहिरीचा काठ, बाळंतिणीची खोली, शाळेची वाट, लुगड्याचा काठ यांविषयीची जी वर्णने अभ्यासक तपशील म्हणून ओलांडून जातात, त्यांतच देहाचा इतिहास लिहिलेला आहे. तो वाचला, म्हणजे जुन्या लेखिकांवरील मौनाचा आरोप बऱ्याच अंशी त्यांच्या वाचकांवर येतो. ज्या स्त्रीने ओल्या लुगड्यातील थंडी लिहून ठेवली, तिने आपल्या देहाविषयी काही सांगितले नाही, असे यापुढे म्हणता येऊ नये.